पंधरावी

गोल्फच्या मैदानात तिसऱ्या टीवर, म्हणजे तिसरा होल जिथून सुरू होतो तिथं, तिनं बॅग खांद्यावरून उतरवली, ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या स्टिकेचं कव्हर काढायला हात घातला आणि हात तिथंच थांबला. नोव्हेंबर संपत आलेला, पुण्यात पहाटे पडणारं दव अजून गवतावर होतं, आणि आम्हा चौघींचे बूट घोट्यापर्यंत भिजले होते. तीन मुली खेळत होत्या आणि मी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर चालत होते. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मुलांच्या स्पर्धेत स्कोअर लिहायला गेले होते. ही मुलगी तेरा-चौदा वर्षांची. "काकू, थांबा ना एक मिनिट," ती म्हणाली आणि बॅगेतल्या स्टिकांच्या डोक्यांना एकेक करून बोट लावत गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटपर्यंत गेली, परत पहिलीपासून सुरू केलं. दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे पंधरा आहेत."

बॅगेत चौदाच्या वर स्टिका चालत नाहीत. बाकीच्या दोघींनी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. मोठ्या स्टिकांच्या मध्ये एक आखूड, जुना पटर (चेंडू खळीत ढकलायची स्टिक) होता, मुठीजवळ सशाचं अर्धवट निघालेलं स्टिकर असलेला. तिच्या लहानपणचा असावा. नियम सांगणारे गृहस्थ गाडीतून आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की दोन होल झालेत, प्रत्येक होलला दोन, म्हणजे चार फटके वाढतील. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बॅग कुणी भरली होती?" तिनं एकदा लांब पार्किंगकडे पाहिलं. तिथं तिची आई उभी होती आणि पाच-सहा वर्षांचा भाऊ कठड्याला लोंबकळत होता. "मी मोजल्या नव्हत्या," ती म्हणाली. एवढंच. त्यांनी मान हलवली. मग तिनं सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं म्हटलं, की हा पटर आता खेळात नाही, आणि तो उपसून बॅगेत उलटा खोचला. सगळ्या स्टिकांची डोकी वर, या एकट्याची मूठ वर.

त्यानंतर तिनं ड्रायव्हर मारला. चेंडू कुठं गेला ते मला आठवत नाही.

आठवडा झाला, ते वाक्य मनातून जात नाही. चार फटक्यांचं मला काही वाटलं नाही, खेळात ते होतंच. पण "मी मोजल्या नव्हत्या" हे वाक्य मी आमच्या घरात दुसऱ्याच बाजूनं ऐकत मोठी झाले. आमच्याकडे ते "मी मोजल्या होत्या" असं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, वयाच्या तेराव्या वर्षापासून कॅडी. एका क्लबात त्यांनी चाळीसच्या वर वर्षं खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहिल्या. मी शाळेत जायच्या आधी चौदापर्यंत मोजायला शिकले ते त्यांच्यामुळे, आणि चौदाच्या पुढं पंधरा असतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून कॅडींच्या शेडपर्यंत न्यायचे. शेडमध्ये ओल्या टॉवेलांचा, चामड्याचा आणि बिडीचा मिळून एक वास असायचा. अप्पा भिंतीला टेकवलेल्या बॅगेपुढं उकिडवे बसायचे आणि बोट लावत म्हणायचे, "वूड तीन. दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर..." लोखंडी डोक्याचे हे आयर्न नऊपर्यंत जायचे, मग पिचिंग, मग सँड, आणि शेवटी पटर. पटरला बोट लावताना आवाज किंचित वर जायचा, गोष्टीचा शेवट सांगताना जातो तसा. "चौदा!" मी त्यांच्याआधी ओरडायचे.

हे चौदा आले कुठून, हे मला मोठी झाल्यावर, पुस्तकं हातात आल्यावर कळलं. आधी मर्यादाच नव्हती. स्टिकांचे दांडे हिकरीच्या लाकडाचे होते तेव्हा प्रत्येक दांडा वेगळा वाकायचा, त्यामुळे माणूस आपल्या हाताशी जुळलेल्या मोजक्याच बाळगायचा. त्यांना नंबर नव्हते, नावं होती: क्लीक, मॅशी, निब्लिक, स्पून, तळाला पितळेची पट्टी असलेली ती ब्रासी. एकेक घरातल्या माणसासारखी. १९१६ साली चिक इव्हान्सनं यूएस ओपन जिंकली तेव्हा त्याच्याकडे सगळ्या मिळून सात होत्या. मग पोलादी दांडे आले. अमेरिकेत १९२४ पासून, ब्रिटनमध्ये १९२९ पासून त्यांना परवानगी मिळाली. एकसारखे दांडे कारखान्यात काढता येऊ लागले, नावं जाऊन नंबर आले, सेट विकले जाऊ लागले, आणि दोन नंबरांच्या मधल्या अंतरासाठीसुद्धा एक स्टिक घ्यावी असं लोकांना वाटू लागलं. लॉसन लिटल नावाच्या खेळाडूनं १९३४ आणि १९३५ अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही अमॅच्युअर स्पर्धा जिंकल्या, तेव्हा त्याच्या बॅगेत पंचविसाच्या वर स्टिका असत. फटका घडवायचं कसब हातातून बॅगेत जाऊ लागलं. अखेर खेळाचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी, अमेरिकेच्या यूएसजीएनं १९३८ साली आणि सेंट अँड्रूजच्या आर अँड एनं १९३९ साली आकडा ठरवला: चौदा. कॅडींच्या खांद्यांचा विचारही त्यामागे होता, असं सांगतात. अप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते काही वेळ पायाकडे बघत बसले. "आमचा विचार केला होता म्हणजे," असं म्हणून त्यांनी विषय बदलला. पण त्यांना बरं वाटलं होतं, ते मला दिसलं.

पंचवीस स्टिकांची बॅग कुणीतरी उचलली असेलच ना. लिटलच्या विजयांची नोंद आहे. उचलणाऱ्याच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ किती दिवस राहिला, त्याची नाही.

अप्पांच्या उजव्या खांद्यावर तो वळ कायमचा आहे. तिथली कातडी बाकी अंगापेक्षा काळी आणि गुळगुळीत, जुन्या पाटासारखी. भरलेली बॅग बारा-पंधरा किलोची, पावसात भिजली तर आणखी. अठरा होल म्हणजे चढ-उतार धरून सहा-सात किलोमीटर. आणि मोसमात दिवसाला दोन राउंड. पण मी त्यांना वजनाबद्दल तक्रार करताना ऐकलं नाही. ते बोलायचे वस्तूंबद्दल. त्यांना वस्तू हातानं कळायच्या. तेव्हा आपल्याकडे दोन मापांचे चेंडू फिरत असत, लहान इंग्लिश आणि मोठा अमेरिकन. लहान ४१ मिलिमीटरचा, मोठा साडेबेचाळीसहून जरा जास्त. वजन दोघांचं सारखंच. दीड मिलिमीटरचा फरक डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. अप्पा खिशात हात घालून, न बघता सांगायचे. मी डोळे मिटून दोन्ही मुठींत एकेक चेंडू धरायचे आणि मला कधीच ओळखता यायचं नाही. "मोठा तळव्याला टेकतो," ते म्हणायचे, "लहान बोटांतच राहतो." वाऱ्यात लहान चेंडू जास्त लांब जायचा, म्हणून मेंबर लोकांना तो आवडायचा. १९९० साली आर अँड एनं लहान चेंडू नियमबाह्य ठरवला. अप्पांच्या ट्रंकेत त्यातले अकरा अजून आहेत, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले. आता त्यांनी कुठल्याच स्पर्धेत खेळता येणार नाही. मी परवा गाठोडं सोडून एक हातात घेतला. बोटांतच राहिला.

आता १९८८ साल. मी सात वर्षांची होते, त्यामुळे यातलं बरंचसं मला आईकडून कळलेलं आहे. क्लबातली महिन्याची स्पर्धा होती. अप्पांनी सकाळी शेडमध्ये बॅग पुसली आणि मोजली: चौदा. साहेब आले, गाडीच्या डिकीतून त्यांनी परदेशाहून आणलेला नवा, धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर काढला आणि पहिल्या टीवर तो बॅगेत सरकवला. जुना लाकडी ड्रायव्हर आत होताच. सहाव्या होलपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. सातव्या टीवर बरोबरच्या एकानं हसत हसत विचारलं, की दोन-दोन ड्रायव्हर घेऊन फिरताय, एकूण आहेत तरी किती? मोजल्या. पंधरा भरल्या. चार फटके वाढले आणि साहेबांची स्पर्धा हातची गेली. नवव्या होलजवळच्या चहाच्या टपरीसमोर, बाकीचे कॅडी उभे असताना, साहेब अप्पांना जे बोलले ते आईनं मला कधी पूर्ण सांगितलं नाही. कॅडी मास्तरनं दोन आठवडे त्यांना बॅग दिली नाही. ते दोन आठवडे अप्पांनी गुलटेकडीला मार्केट यार्डात पोती वाहिली. "पोत्याचं बरं असतं," ते आईला म्हणाले होते, "त्यात काय आहे ते मोजावं लागत नाही."

"मी मोजल्या होत्या." त्या वर्षी आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आलं, की माझा धाकटा भाऊ खेळताना ते गाण्यासारखं म्हणायचा आणि आई त्याला गप्प करायची.

नियमाच्या पुस्तकात या बाबतीत काही संदिग्ध नाही. स्टिकांची जबाबदारी खेळणाऱ्याची. कॅडीनं चूक केली तरी दंड खेळाडूच्या कार्डावर. म्हणजे पुस्तकाला कॅडी आणि खेळाडू हे एकच माणूस दिसतं. कागदावर हे मला फार थोर वाटतं. पण कागद संपून गवत सुरू झालं, की एकाच्या चुकीचे चार फटके होतात आणि दुसऱ्याचे दोन आठवडे. ते फटके महिनाभरात विसरले गेले असतील. आमच्या घरात त्या पंधरवड्यात किराणा उधारीवर आला आणि ती उधारी दिवाळीपर्यंत चालली. मी हे रागानं लिहिते आहे आणि राग अजून ओसरलेला नाही.

मग २००१ चा जुलै. मी कॉलेजात होते. सोमवारी दुपारी अप्पा घरी आले ते हातात घडी केलेलं इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन. एका मेंबरनं वाचून टाकलेलं. बाहेर पाऊस, आईनं शेवया वळायचं काढलेलं, आणि अप्पा ओले पाय न पुसता माझ्यासमोर बसले. "हे वाच. सगळे याचंच बोलतायत. मला नीट सांग काय झालं ते." मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. इंग्लंडात रॉयल लिदमला ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस. इयन वूसनम, वेल्सचा, दहा वर्षांपूर्वी मास्टर्स जिंकलेला. लिदमचा पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा आहे, तिथं ड्रायव्हर लागत नाही. त्यानं आयर्न मारला आणि चेंडू झेंड्यापासून काही इंचांवर थांबला. दोन फटक्यांत होल संपला, तो आघाडीला आला. दुसऱ्या टीवर ड्रायव्हर काढायची वेळ आली आणि त्याचा कॅडी माइल्स बर्न म्हणाला, की आपल्याकडे दोन ड्रायव्हर आहेत. सरावात एक नवा वापरून बघितला होता, तो बॅगेत राहून गेला होता. पहिल्याच होलवर ड्रायव्हर लागला असता तर बॅगेत हात घालताच तो सापडला असता.

पण त्याआधी त्या कॅडीनं म्हटलं होतं, की तू आता बॅलिस्टिक होणार, म्हणजे रागानं भडकणार. हा शब्द मला माहीत नव्हता. मी शब्दकोश काढला, त्यात "क्षेपणास्त्रांविषयीचा" असं होतं. मी अप्पांना तेच सांगितलं: "तो म्हणाला, तुम्ही आता क्षेपणास्त्रासारखे होणार." अप्पा हसले नाहीत. "असं म्हणाला? आधीच सांगून टाकलं त्यानं?" मी पुढं वाचलं: वूसनमनं तो ड्रायव्हर उपसून फेकून दिला, टोपी भिरकावली. दोनाचे चार झाले. तरी तो खेळत राहिला आणि तिसऱ्या क्रमांकावर बरोबरीत संपवलं, २७८ फटके. डेव्हिड डुव्हल २७४ वर जिंकला, दुसरा आला तो २७७ वर. ते दोन नसते तर वूसनम एकटा दुसरा आला असता. आणि संध्याकाळी पत्रकारांसमोर तो म्हणाला, की पोरगा चांगला आहे, मी त्याला काढणार नाही.

"काढलं नाही?"

"नाही अप्पा."

त्यांनी वर्तमानपत्र माझ्या हातातून घेतलं. फोटोत वूसनम कमरेवर हात ठेवून उभा होता, बाजूला बॅग, आणि बॅगेमागं मान खाली घातलेला तो पोरगा. अप्पांनी त्या मान खाली घातलेल्याकडे बराच वेळ पाहिलं. "त्यानं कुठं सांगितलं म्हणालीस? कितव्या टीवर?" मी म्हटलं, दुसऱ्या. "दुसऱ्यावर सांगितलं," ते म्हणाले, "बरं केलं." मला वाटलं, ते दंडाचा हिशेब करतायत. काही आठवड्यांनी बातमी आली, की दुसऱ्या एका स्पर्धेत तो कॅडी वेळेवर उठलाच नाही आणि वूसनमनं त्याला काढलं. अप्पा म्हणाले, "ते वेगळं. झोपला तर जाणारच." आणि जोराची उचकी लागल्यासारखे उठून बाहेर गेले. मी तेव्हा विचारलं नाही.

चौदाची कमाल मर्यादा आहे, किमान नाही. हा त्या नियमातला मला सगळ्यात आवडणारा भाग. एका स्टिकेनं खेळलात तरी चालतं. कमी घेऊन निघालात तर वाटेत चौदापर्यंत भर घालता येते. फक्त त्याच मैदानावर खेळणाऱ्या दुसऱ्या कुणाची मागून घेता येत नाही. इथं मात्र मी अडते. कारण अप्पा खेळायचे ते मागूनच. क्लब सोमवारी मेंबरांना बंद असायचा आणि कॅडींना खेळायची मुभा असायची. चौघांत मिळून सहा-सात स्टिका: कुणा साहेबानं टाकून दिलेला, मूठ सुटलेला पाच नंबर, दांडा वाकलेला सँड, आणि एक पटर, तो ग्रीनवर, खळीभोवतीच्या बारीक गवतावर, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा. अप्पांचा सात नंबर सगळ्यांत जास्त फिरायचा. कुणी म्हणायचं, "दे रे तुझा सात," आणि मारून झाल्यावर टॉवेलनं पुसून परत द्यायचं. पुसल्याशिवाय परत द्यायचा नाही, हा त्यांचा नियम; तो कुठल्या पुस्तकात नाही. प्रत्येकाची बॅग वेगळी असणार, हे पुस्तकानं गृहीत धरलेलं आहे. सोमवारच्या त्या खेळात पुस्तकाप्रमाणे जवळजवळ प्रत्येक फटका चुकीचा होता, आणि अप्पा सांगतात की त्यांनी पाहिलेला सगळ्यात स्वच्छ खेळ तोच.

मुंबईत चेंबूरला गोल्फ कोर्सच्या शेजारच्या वस्तीत कॅडी आणि त्यांची मुलं बांधकामावरची सळई वाकवून तिच्या काठ्या करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूनं गल्लीबोळात खेळतात. पत्र्यावरून, गटारावरून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून. मी त्यांची छायाचित्रं पाहिली आणि तो वाकवलेला भाग किती अचूक आहे ते बघत राहिले. चेंडू उचलायला डोक्याला कलता कोन लागतो, आणि तो कोन त्यांनी सळईला अंदाजानं दिलेला. ज्यानं वर्षानुवर्षं दुसऱ्याचे चौदा पुसले आहेत त्यालाच असा कोन डोळ्यांनी मापता येत असणार.

कोर्सवर काय न्यावं, याच्याइतकंच नेलेल्याचं काय करावं, हेही पुस्तकात आहे, आणि ते वाचताना मला अप्पांचा टॉवेल आठवतो. ओला अर्धा, कोरडा अर्धा, कायम डाव्या खांद्यावर. १९८७ साली सॅन डिएगोच्या स्पर्धेत क्रेग स्टॅडलरचा चेंडू झाडाखाली गेला, गुडघे टेकूनच मारावा लागणार होता, जमीन ओली होती, म्हणून पँट खराब होऊ नये यासाठी त्यानं टॉवेल पसरला आणि त्यावर गुडघे टेकले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते परत दिसलं, प्रेक्षकांचे फोन आले. टॉवेल पसरणं म्हणजे उभं राहायची जागा बांधून घेणं, त्याचे दोन फटके. ते कार्डात नव्हते, म्हणून तो बाद झाला. दुसरा आला असता. अप्पांना हे पटतं. "टॉवेल पुसायचा असतो," ते म्हणतात, "पसरायचा नसतो." त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आता तो लेझरचा डबा आला आहे. डोळ्याला लावायचा, झेंड्यावर रोखायचा, आकडा दिसतो. २०१९ पासून अंतर मोजणारं यंत्र नियमातच बसलं. पण चढ-उतार मोजणारं बटण बंद ठेवावं लागतं, ते चालत नाही. त्या मुलींच्या गळ्यातही हे डबे होते. अप्पा अंतर पावलांनी मोजायचे, आणि उतार कसा मोजायचे ते त्यांनाही सांगता येत नाही. ग्रीनच्या अलीकडे थांबून पायांचे अंगठे बुटात दाबून बघायचे. "डावीकडं खातंय," म्हणायचे. यंत्राला उतार सांगायची बंदी आहे. कॅडीला नाही, आजही नाही. एवढी एक जागा पुस्तकानं त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.

गेल्या रविवारी मी अप्पांकडे गेले. आता ते सत्तरीला टेकले आहेत, गुडघे गेलेत, दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मी त्या मुलीचं सांगितलं. पंधरा, आखूड पटर, सशाचं स्टिकर, पार्किंगमधला भाऊ, सगळं. मला वाटलं होतं, ते "मी मोजल्या होत्या" म्हणतील.

"कितव्या टीवर सांगितलं तिनं?"

"तिसऱ्या."

त्यांनी चष्मा काढला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो वळून जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "मला पहिल्याच टीवर कळलं होतं." मला आधी लक्षातच आलं नाही, ते कशाबद्दल बोलतायत. "साहेबांनी तो ठेवला तेव्हा मी बघितलं न्हाई, चेंडू ठेवायची खुंटी शोधत होतो खिशात. पण बॅग उचलली आणि आवाज वेगळा आला. लाकडाच्या डोक्यांवर लाकडाची डोकी आपटतात तो आवाज वेगळा असतो. हा लोखंडाचा होता. तेव्हाच समजलं, पंधरावी आहे. साहेबांबरोबर पाहुणे होते. सगळे त्या नव्या ड्रायव्हरचं कौतुक करत होते. त्यात मी कुठं तोंड घालू? म्हटलं, पुढच्या टीवर हळूच सांगू. पुढच्या टीवर परत म्हटलं, पुढच्या." ते बोटांवर मोजत होते. "पहिला फटका मारायच्या आधी सांगितलं असतं तर काहीच न्हाई. पहिला होल झाल्यावर दोन. दुसरा झाल्यावर चार. त्याच्या पुढं दंड वाढत न्हाई. तिसऱ्या टीवर मला वाटलं, आता सांगून काय उपयोग. जे जायचं ते गेलं."

तेहतीस नाही, पस्तीस नाही, त्याहून जास्त वर्षं मी त्यांच्या बाजूनं मनात भांडत होते. साहेबाशी, कॅडी मास्तरशी, टपरीसमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाशी. ते भांडण मी अजून मागं घेतलेलं नाही. स्टिक साहेबांनी ठेवली होती, मोजायची जबाबदारी त्यांची होती, आणि ज्या माणसाला पाहुण्यांसमोर तोंड उघडायची सोय नाही त्याच्या गप्प बसण्याची किंमत त्याच्याचकडून वसूल करणं हे मला आजही चूकच वाटतं. पण आई गेली ती "त्यांनी मोजल्या होत्या" हेच धरून गेली. तिला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मला कळलं त्यांच्या चष्मा पुसण्यावरून. काच स्वच्छ झाली तरी ते पुसतच होते.

मी काहीच बोलले नाही. त्यांचा खांदा माझ्या हाताशी होता, त्या काळ्या गुळगुळीत जागेवर मी हात ठेवला.

"आणि तो पटर? उलटा ठेवला म्हणालीस. तो तिनंच वागवला का सगळा राउंड?"

"हो. मुलांना कॅडी घेता येत नव्हता. सोळा होल तिनंच वागवला."

"मग आवाज येत असेल," अप्पा म्हणाले. "उलट्या स्टिकेचा येतो. डोकं तळाला आपटतं, एकेका पावलाला."

आला होता. तिच्या मागून चालताना सोळा होल मी तो ऐकत होते, दबका, एका लयीतला, आणि मला वाटत होतं, तिची पाण्याची बाटली वाजते आहे.